हात न आखडता

सनस्क्रीनच्या नळीवर एसपीएफचा जो आकडा छापलेला असतो, तो प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात मलम लावून काढलेला असतो. त्याच प्रमाणात चेहरा आणि मान झाकायची म्हटली, तर एका वेळेला एक ते सव्वा ग्रॅम मलम लागते. तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा काढल्या की साधारण तेवढे भरते. ५० ग्रॅमची नळी या हिशेबाने चाळीस-पन्नास वेळांत संपते. नळी ४०० रुपयांची असेल तर एका वेळेचा खर्च आठ ते दहा रुपये पडतो आणि १६०० रुपयांची असेल तर बत्तीस ते चाळीस. दिवसभर उन्हात फिरायचे असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायला सांगतात, म्हणजे हा आकडा आणखी वाढतो.

हे गणित वहीत मांडून पाहिल्यापासून सौंदर्यप्रसाधनांच्या किमतीकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. महागाची वस्तू गुणाने डावी असते असे माझे मुळीच म्हणणे नाही. मात्र ती लावताना हात आखडतो, आणि हात आखडून लावलेल्या सनस्क्रीनकडून छापील आकड्याइतके संरक्षण मिळण्याची आशाच सोडावी. माझ्या जाऊबाईंना त्यांच्या भावाने परदेशातून एक नामांकित सनस्क्रीन आणून दिले होते. लग्नकार्य किंवा सहल असली की तेवढ्यापुरते ते कपाटातून बाहेर निघे, त्यातूनही त्या मोहरीएवढा ठिपका घेत, आणि अर्धीअधिक नळी शिल्लक असतानाच तिची मुदत उलटून गेली. माझी नळी औषधांच्या दुकानातून आणलेली असते. ती संपत आली की मी कात्रीने मधोमध कापते, आतल्या बाजूला चिकटलेले मलम बोटाने निपटून घेते आणि कापलेले तोंड एकमेकांत सरकवून ठेवते, कारण त्यात अजून दोन-तीन वेळचे निघते. स्वस्त वस्तूचा मला उमगलेला सर्वांत मोठा गुण हाच, की ती सढळ हाताने वापरता येते, आणि त्वचेच्या बाबतीत अनेक गोष्टींचा उपयोग त्या सढळ वापरण्यातच असतो.

मला वांग आहे. बाळंतपणानंतर गालांच्या हाडांवर आणि वरच्या ओठाच्या वर तपकिरी छटा उतरली, ती पुढे मुक्कामालाच राहिली. वांग उन्हाने वाढते हे सगळ्याच बायका जाणतात. पण कोणत्या उन्हाने, हे मला त्वचेच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण खिडकीची काच बऱ्याच अंशी अडवते, मात्र यूव्हीए किरण काचेतून आत येतात, त्यामुळे खिडकीशेजारी टेबल असलेल्या बाईला ऑफिसात बसूनही त्यांचा त्रास होतो. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीबद्दल बोलतो. यूव्हीएसाठी पीए ही अक्षरे आणि त्यापुढची अधिकची चिन्हे पाहायची असतात, आणि ही पद्धत जपानमधून आलेली आहे. एसपीएफ ३० असलेले मलम नीट लावले तर सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडते आणि ५० असलेले लावले तर सुमारे ९८ टक्के. म्हणून ५० च्या वरच्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजायला मी तयार नसते. वांगाला तर साधा डोळ्यांना दिसणारा प्रकाशही पुरतो. तो अडवण्याचे काम आयर्न ऑक्साइड करते, म्हणजे ज्या पदार्थामुळे टिंटेड सनस्क्रीनला मातकट रंग येतो तोच पदार्थ. रंगीत सनस्क्रीन हा नखरा आहे असे म्हणणाऱ्या आमच्या ऑफिसातल्या एका बाईंना मी हे दोनदा सांगितले आहे. त्यांना ते पटलेले दिसत नाही.

स्वस्तातली सनस्क्रीन सगळीच चांगली निघतात असेही नाही. झिंक ऑक्साइड भरपूर असलेले एक मलम माझ्या गव्हाळ रंगावर असे काही बसले, की ऑफिसातल्या ट्यूबलाइटखाली चेहरा राखाडी आणि मान मात्र मूळ रंगाची दिसू लागली. दुसरे एक लावल्यावर त्याच्यावर बोट फिरवले की बारीक बारीक वळ्या निघत. तिसऱ्याचा पोत उत्तम होता, पण स्वारगेटच्या सिग्नलला घाम सुटला की ते ओघळून डोळ्यांत उतरे आणि हिरवा दिवा लागेपर्यंत मी एक डोळा मिटून स्कूटरवर बसलेली असे. अशा वेळी ५० ग्रॅमची नळी वाया जाऊ नये म्हणून मी आता सगळ्यांत लहान मापाचीच वस्तू आधी आणते. शांपूच्या पुडीने या देशातल्या गरीब घरांना जी सोय करून दिली, ती चेहऱ्याच्या वस्तूंनाही हळूहळू मिळू लागली आहे, आणि मला त्या लहान मापांचे फार कौतुक आहे. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे दोन-तीन दिवस लावून पाहायचे आणि मगच चेहऱ्याकडे वळायचे, यासाठी ती पुडी पुरेशी असते.

पुण्यात राहून उन्हाबद्दल लिहायचे आणि स्कार्फचा उल्लेख टाळायचा हे बरे दिसणार नाही. नाक-तोंड-केस सगळे गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवणाऱ्या आमच्या शहरातल्या दुचाकीवाल्या मुलींची बाहेरगावचे लोक चेष्टा करतात, पण उन्हापासून बचावाचा इतका स्वस्त आणि पुन्हा पुन्हा धुता येणारा उपाय दुसरा नाही. त्यातही फरक असतो. विरळ विणीचा, पांढरा, पातळ सुती कपडा यूव्ही किरणांना फारसा अडवत नाही. घट्ट विणीचा आणि गडद रंगाचा कपडा बराच अडवतो. मात्र चैत्र-वैशाखात त्याच्या आत घाम कोंडून हनुवटीवर पुळ्या येतात आणि खालचे सनस्क्रीन कपड्याला पुसले जाते ते वेगळेच. म्हणून मी ऑफिसात पोहोचल्यावर स्कार्फ सोडून, चेहरा पाण्याने धुऊन, पुन्हा मलम लावते. हे दुसऱ्यांदा लावणे मला परवडते ते नळी स्वस्त असते म्हणूनच.

मॉइश्चरायझरच्या बाबतीत तर मी आता मॉलमधल्या चकचकीत काउंटरपेक्षा कोपऱ्यावरच्या मेडिकलवर अधिक भरवसा ठेवते. त्वचेला ओलावा देणाऱ्या पदार्थांचे मुख्य प्रकार मोजकेच असतात. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, पेट्रोलियम जेली ते उडून जाऊ देत नाही, आणि मधल्या फटी भरून काढायला सेरामाइडसारखे स्निग्ध पदार्थ असतात. यांपैकी ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली ही दोन्ही अतिशय स्वस्त आहेत आणि दीडशे रुपयांच्या बाटलीत जे ग्लिसरीन असते तेच दीड हजारांच्या बाटलीतही असते. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेली व्हॅसलिन अजूनही ओलावा कोंडून धरण्यात कोणाला हार जात नाही. माझी आई थंडीत ग्लिसरीन आणि गुलाबपाणी एका जुन्या औषधाच्या बाटलीत मिसळून ठेवत असे आणि रात्री झोपताना आम्हा बहिणींच्या हातापायांना चोळत असे. ते चिकट लागे, पण टाचा फुटत नसत. भेगा पडल्याच तर कैलास जीवन होतेच, आणि त्या वासाशिवाय महाराष्ट्रातल्या कित्येक घरांचा हिवाळा सुरू होत नसे.

चेहऱ्याला मात्र मी पेट्रोलियम जेली लावत नाही. माझी त्वचा तेलकट आहे आणि पुण्याच्या जुलैत ती सोसवत नाही. मेडिकलमध्ये मिळणारे साधे, बिनवासाचे लोशन मला पुरते. त्याची बाटली इतकी रुक्ष असते की ती आरशासमोर मांडावीशी वाटत नाही, आणि तिच्यात वास नसतो म्हणून पाहुण्या बायका ती हुंगून परत ठेवतात. तो वास नसणे हाच तिचा गुण आहे, कारण प्रसाधनांनी त्वचेला ॲलर्जी होते तेव्हा सुगंधी द्रव्ये हे त्याचे एक नेहमीचे कारण असते. चेहरा धुण्यासाठी अंगाचा साबण वापरणे मी बंद केले आहे. त्वचेचा सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५ असतो आणि नेहमीच्या साबणाचा ९ ते १०, त्यामुळे साबणाने धुतल्यावर जो चेहरा ओढल्यासारखा वाटतो, तो स्वच्छतेचा पुरावा नसतो.

आता सीरमविषयी. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या बायकांच्या बोलण्यात नायसिनामाइड, सॅलिसिलिक ॲसिड, रेटिनॉल असे शब्द सहज येऊ लागले आहेत, आणि त्याचे बरेचसे श्रेय बाटलीच्या दर्शनी बाजूलाच घटकाचे नाव आणि टक्केवारी छापणाऱ्या कंपन्यांना द्यायला हवे. कॅनडातल्या द ऑर्डिनरीने २०१६ मध्ये ही रीत जगभर नेली आणि जयपूरमध्ये २०२० मध्ये दोन भावांनी सुरू केलेल्या मिनिमलिस्टने ती भारतात रुजवली. चालली ती इतकी, की जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने त्या कंपनीतला ९०.५ टक्के हिस्सा घेत असल्याचे जाहीर केले. या बाटल्या स्वस्त असूनही उपयोगी का पडतात, याचे कारण त्यांच्या रसायनातच आहे. नायसिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. ते पाण्यात विरघळते, सहजासहजी बिघडत नाही आणि महाग नाही. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळते म्हणून रोमछिद्रांत साचलेल्या तेलात उतरू शकते, आणि तेही महाग नाही. त्यामुळे त्यांच्या महागड्या बाटलीत तुम्ही काच, झाकण, सुगंध आणि जाहिरातीतल्या नटीचे मानधन यांचे पैसे भरत असता. ते आनंदाने भरणाऱ्यांशी माझे भांडण नाही.

क जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी आहे. शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड हवा, उजेड आणि उष्णता यांपैकी कशालाच टिकत नाही. त्याला आम्लधर्मी द्रावणात, गडद बाटलीत आणि थंड जागी ठेवावे लागते. एका कंपनीचे सीरम मी मागवले, तर भर मे महिन्यात कुरिअरच्या गोदामांतून फिरून आलेल्या त्या बाटलीतला द्रव उघडण्याआधीच गडद चहाच्या रंगाचा झालेला होता. तक्रार केल्यावर ‘हा नैसर्गिक रंग आहे’ असे उत्तर आले. पाण्यासारखे किंवा फिकट असायला हवे ते तपकिरी झाले, म्हणजे त्यातले औषध बहुतांशी संपले, हे ग्राहकाला ठाऊक नसेल असे त्यांनी गृहीत धरले असावे. तेव्हापासून मी क जीवनसत्त्व फक्त थंडीत, तेही सर्वांत लहान बाटलीत घेते; एरवी नायसिनामाइडवर भागवते. तेही ५ टक्क्यांचे मला मानवते. १० टक्क्यांचे लावले की गाल लाल होतात, आणि आकडा दुप्पट असला म्हणजे गुणही दुप्पट येतो असे काही नसते.

बाटलीच्या मागची बाजू वाचण्याची मला सवयच जडली आहे, आणि ती फुकटात होणारी करमणूक आहे. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते. एक टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. त्यामुळे पुढच्या बाजूला केशराच्या तुऱ्यांचे देखणे चित्र असलेल्या एका क्रीमच्या मागे केशर सुगंधाच्याही खाली, पार तळाला सापडते. ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’ या शब्दांतून कोणत्या चाचण्या झाल्या आणि त्यांत काय दिसले, हे कळायला मार्ग नसतो. ‘केमिकल-फ्री’ असे छापलेले दिसले की मी वस्तू परत ठेवते. पाणीही रसायनच आहे, आणि जो माणूस पहिल्याच ओळीत इतके सैल बोलतो त्याच्या पुढच्या ओळींवर मी का विश्वास ठेवावा? उलट बॅच क्रमांक, उत्पादनाचा परवाना क्रमांक, उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि वापराची मुदत या कंटाळवाण्या चार ओळी जिथे स्पष्ट छापलेल्या असतात, तिथे वस्तू ३० रुपयांची असली तरी मी थांबते.

मेकअपसाठी मी तुळशीबागेतच जाते. तिथल्या गल्लीत क्लिपा, रबर, मंगळसूत्रे, भातुकलीची पितळी भांडी आणि लिपस्टिक एकाच फळीवर मांडलेल्या असतात आणि दुकानदार आपल्या मनगटावर रेघा ओढून ओढून शेवटी कोपरापर्यंत पोहोचतो. लिपस्टिक, नेलपॉलिश, आयलायनर यांत स्वस्त कंपन्यांनी गेल्या दशकात जी मजल मारली आहे ती थक्क करणारी आहे. मी कॉलेजात असताना स्वस्त लिपस्टिक म्हणजे चहाच्या कपावर अर्धी, दातांवर पाव आणि उरलेली ओठांवर असा प्रकार असे. आता दोन-अडीचशे रुपयांची मॅट लिपस्टिक जेवण होऊनही जागची हलत नाही, आणि रात्री ती काढायला खोबरेल तेलच लागते. तीच लिपस्टिक बोटाने गालांवर टेकवली की लालीचेही काम होते. दोन्हीकडे चालेल अशी एकच छटा घेतली तर खरेदी निम्म्यावर येते.

फाउंडेशनने मात्र मला फार दमवले. पूर्वी आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक छटा गुलाबी धाटणीच्या असत आणि आपल्या बायकांच्या त्वचेत असतो तो पिवळसर, सोनेरी किंवा ऑलिव्ह झाक असलेला वर्ण त्यांच्याखाली मेल्यासारखा दिसे. २०१७ मध्ये फेंटी ब्यूटी या परदेशी कंपनीने एकदम ४० छटा बाजारात आणल्या, तेव्हापासून सगळ्यांनाच छटा वाढवाव्या लागल्या, आणि आता स्वस्त कंपन्यांतही निवडीला बराच वाव आहे. अडचण दुकानदाराच्या डोक्यातली आहे. मी गेले की त्याचा हात आपोआप दोन घरे वरच्या छटेकडे जातो.

“ताई, ही घ्या, एकदम उजळ वाटेल.”

“मला उजळ नको, माझ्यासारखी पाहिजे.”

“अहो, सगळ्या हीच नेतात.”

तो मनगटावर लावून दाखवतो. माझे मनगट घड्याळाच्या पट्ट्याखाली राहिलेले असते आणि चेहरा उन्हातला, त्यामुळे त्या दोघांचा रंग कधीच जुळत नाही. मी जबड्याच्या कडेला दोन छटांच्या दोन रेघा ओढून घेते, दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखालून बाहेर पडते आणि राममंदिराच्या बाजूला जिथे वरून ऊन पडते तिथे उभी राहून छोट्या आरशात पाहते. दहा मिनिटे थांबते, कारण काही फाउंडेशन हवेने आणि तेलाने गडद होतात आणि लावताना जुळलेली छटा तासाभराने मातकट पडते. फुले विकणाऱ्या बाईंना माझी ही सवय आता माहीत झाली आहे. “डावीकडची,” असे त्या न विचारता सांगतात, आणि बहुधा त्यांचेच बरोबर असते.

स्वस्त आणि चांगले प्रसाधन ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन खर्च होऊ नये या विचारातून टाटा ऑइल मिल्सने १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली. सिमोन टाटा १९६१ मध्ये तिच्या संचालक मंडळावर आल्या आणि १९८२ मध्ये अध्यक्षा झाल्या. त्याच १९५२ साली परळमध्ये केशव विष्णू पेंढरकरांनी विको सुरू केली. विकोची हळदीची क्रीम हे आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन, असा अबकारी खात्याचा वाद वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनीच्या बाजूने लागला. औषध ठरले तर कर कमी आणि प्रसाधन ठरले तर जास्त, असा तो सरळ पैशांचा प्रश्न होता. बाईच्या चेहऱ्याला लावायची वस्तू ही चैन की गरज, हा प्रश्न करवसुलीच्या कागदांतून इतका काळ लढला जावा याची मला गंमत वाटते. हळदीची ती क्रीम बाजारात आली त्याच १९७५ साली फेअर अँड लव्हलीही आली आणि तिने पंचेचाळीस वर्षे गोरेपणाचे आश्वासन विकून २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढून टाकला.

नाव बदलले म्हणून मागणी गेली नाही, ती अधिक अंधाऱ्या दुकानांत गेली. स्वस्ताईचे माझे सगळे कौतुक जिथे थांबते ती जागा हीच. बॅच नाही, परवाना नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, पण पंधरा दिवसांत गोरे करण्याची हमी आहे, अशा डब्या पार्लरमधून आणि ऑनलाइन सर्रास विकल्या जातात. त्यांतल्या काहींत पारा असतो. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) काम पारा अडवतो, म्हणून त्वचा खरोखरच उजळते, आणि ती उजळते म्हणूनच बाई दुसरी डबी आणते. दरम्यान तो पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडांत जातो. २०२३ मध्ये केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण लागोपाठ दिसू लागले आणि मागोवा घेतल्यावर तो अशा क्रीमपर्यंत पोहोचला. त्याच वर्षी अकोल्यातल्या एका कुटुंबातील बायकांची अशीच बातमी मुंबईच्या केईएम रुग्णालयातून आली. आपल्या नियमांनुसार प्रसाधनात पारा मुद्दाम घालताच येत नाही. नकळत आला तरी डोळ्यांच्या प्रसाधनांत दहा लाखांत ७० भाग आणि इतरांत दहा लाखांत १ भाग एवढीच मुभा आहे.

दुसरा प्रकार स्टेरॉइडच्या मलमांचा, आणि तो तर उघड उजेडात, मेडिकलमध्ये घडतो. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही एक्झिमासारख्या आजारांवरची उत्तम औषधे आहेत, पण आमच्या नात्यातल्या एका नवरीला कोणीतरी यांतले एक मिश्रण ‘लग्नाआधी लाव, चेहरा उजळेल’ म्हणून दिले. नळी शंभर रुपयांच्या आत होती. चेहरा उजळला, लग्नाचे फोटोही छान आले, आणि मलम थांबवल्यावर महिन्याभरात गाल लाल होऊन जळजळू लागले, बारीक शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर पुळ्या आणि लव वाढली. त्वचारोगतज्ज्ञांमध्ये अशा चेहऱ्याला स्वतंत्र नावच आहे, इतके हे रुग्ण त्यांच्याकडे येतात. बरे व्हायला तिला वर्षाच्या वर लागले आणि त्या उपचारांचा खर्च ऐकून तिच्या सासूबाई गप्प झाल्या.

डोळ्यांजवळच्या आणि दिवसभर अंगावर राहणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत मी पैसे वाचवत नाही. रस्त्यावरचे, नामांकित कंपनीच्या डबीची हुबेहूब नक्कल केलेले काजळ कितीही स्वस्त मिळाले तरी घेत नाही. टिकलीबद्दल तर माझ्या मावशीमुळे शहाणपण आले. तिच्या कपाळावर टिकलीच्या जागी बरोबर टिकलीएवढाच पांढरा डाग उमटला. कोड आले म्हणून घरात सगळे घाबरले, मावशीने बाहेर जाणे बंद केले. डॉक्टरांनी भिंगातून पाहून पहिला प्रश्न टिकलीचाच विचारला. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफेनॉल नावाचे रसायन असते आणि ते रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींनाच मारते. रबरी चपलांच्या पट्ट्यांखाली काहींना असेच डाग पडतात.

“अहो, पण मी इतकी वर्षं हीच लावतेय,” मावशी म्हणाली.

“म्हणूनच,” डॉक्टर म्हणाले.

मग माळ्यावरच्या पेटीतून आजीची पितळी करंडी खाली आली. तिच्यात एका बाजूला मेण, दुसऱ्या बाजूला कुंकू ठेवायची जागा आणि झाकणाला आतून आरसा. बोटाच्या टोकाने कपाळावर मेणाचे गोल टेकवायचे, त्यावर कोरडे कुंकू दाबायचे आणि नाकावर सांडलेले फुंकरीने उडवायचे, हे मावशीला एका दिवसात पुन्हा जमले. कुंकू मात्र तिने हळदीपासून केलेले शोधून आणले, कारण बाजारातल्या कित्येक कुंकवांत कृत्रिम रंगच असतो. डागाचा रंग बराचसा भरून आला आहे.

स्वयंपाकघरातल्या उपायांना मी नावे ठेवत नाही. बेसन आणि साय यांनी कोणाचे वाईट झालेले मी पाहिलेले नाही, आणि दिवाळीच्या पहाटेच्या उटण्याविषयी कोणी शास्त्र शिकवू लागले तर मी ऐकूनच घेणार नाही. लिंबू मात्र चेहऱ्यापासून दूर ठेवावे. त्याचा रस फार आम्लधर्मी असतो, आणि तो लावून उन्हात गेले तर त्यातल्या द्रव्यांमुळे त्वचा भाजून महिनोन्‌महिने टिकणारे काळे डाग पडू शकतात. पुळीवर टूथपेस्ट लावण्याचीही एक पद्धत आहे. त्या पुळीने असा काय गुन्हा केलेला असतो ते कळत नाही.

गेल्या महिन्यात भावाची मुलगी सुट्टीला आली होती. आठवीत आहे. फोनवर तिने एक यादी करून आणली होती, तिच्यात रेटिनॉल होते, क जीवनसत्त्व होते, डोळ्यांखाली लावायचे काहीतरी होते, आणि एकूण बेरीज साडेचार हजारांच्या घरात गेली होती.

“आत्या, यातलं आधी कोणतं घेऊ?”

“तुझ्या डोळ्यांखाली काय झालंय?”

“अजून काही नाही. पण होईल ना.”

मी तिला घेऊन खालच्या मेडिकलमध्ये गेले. सौम्य फेसवॉश, बिनवासाचे लोशन आणि ३० एसपीएफचे सनस्क्रीन असे तिन्ही मिळून सहाशेच्या आत बसले. दोन बोटांवर रेघा काढून मी तिला सनस्क्रीनचे माप दाखवले तेव्हा “एवढं?” असे म्हणून तिने तोंड वाकडे केले, कारण तिच्या यादीतले सगळे जण वाटाण्याएवढेच लावताना दिसत. घरी येईपर्यंत ती गप्प होती. मग वाटेतल्या दुकानातून शंभर-सव्वाशेचा डाळिंबी रंगाचा लिपबाम तिला घेऊन दिला, आणि जिना चढता चढता तिने तो तीनदा लावला.